बंद दारांची आठवण



काशीयात्रा करून येणारा मनुष्य गंगेचे पाणी तांब्याच्या गडूत भरतो, त्याच्या तोंडाला डाख लावून घेतो आणि तो गडू घरी आणून देव्हाऱ्यात ठेवतो. आपल्याकडे अशा गडूचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु २०२३ सालच्या जानेवारी महिन्यात अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात लोकांनी असेच बाटल्या आणि बरण्या भरून पाणी नेले, आणि ते पाणी कोणत्याही नदीचे नव्हते. डिस्ने कंपनीच्या करमणुकीच्या बागेत 'स्प्लॅश माउंटन' नावाचा एक खेळ होता. ओंडक्याच्या आकाराच्या होडीत बसायचे, कृत्रिम ओढ्यातून बोलक्या प्राण्यांच्या बाहुल्या पाहत जायचे, आणि शेवटी सुमारे पन्नास फुटांवरून खाली कोसळून यथेच्छ भिजायचे. हा खेळ २२ जानेवारीला अखेरचा चालला. नेलेले पाणी त्या ओढ्याचे होते, आणि काहींनी तर ते इंटरनेटवरील लिलावात विक्रीलाही मांडले.

ही बातमी वाचून पुष्कळांना हसू आले. मलाही प्रथम आलेच. मग मनात विचार आला, की माणसे ज्या वस्तूसाठी बरणी भरून पाणी नेतात ती वस्तू त्यांच्या आयुष्यात काहीतरी असलीच पाहिजे. राजवाडे पडले, किल्ले ढासळले, तर इतिहासकार त्यांची नोंद करतो. एक घसरगुंडी बंद पडली, तर तिची नोंद कोण करणार? आणि करायची झाली, तर ती कोणत्या हिशेबाने? आज मला याच प्रश्नाचा विचार आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. बासेल येथील योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली आपल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडविला. घरी परतणे आणि वेदना अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने एकत्र जोडले. परमुलखात गेलेले स्विस लोक घराच्या आठवणीने झुरतात, अन्न टाकतात, खंगतात, असे त्याने पाहिले आणि हा एक रोग आहे असे ठरविले. त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे रोग्याला घरी पाठविणे. मराठीत आपण या भावनेला कधी स्मरणरंजन म्हणतो, कधी गतकातरता म्हणतो. एका शब्दात तिचे सुख आले आहे, दुसऱ्यात तिचे दुःख. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. मात्र होफरच्या रोग्याचे घर जागेवर होते. ज्याचे घरच पाडून टाकले आहे, त्याला कोठे पाठवावयाचे? बंद पडलेल्या बागेची आठवण काढणाऱ्या माणसाची नेमकी हीच अडचण असते.

या बागांची गंगोत्री पाहावयाची तर न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात, दक्षिणेकडील समुद्रकिनाऱ्यावर जावे लागेल. त्या जागेचे नाव कोनी आयलंड. तेथे १८९५ साली कॅप्टन पॉल बॉयटन याने कुंपण घालून, दरवाजाशी पैसे घेऊन आत सोडण्याची पहिली बाग काढली. दोनच वर्षांनी जॉर्ज टिल्यू याने 'स्टीपलचेस पार्क' उघडले. हा टिल्यू मोठा हिकमती मनुष्य होता. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील फेरिसचा प्रचंड पाळणा पाहून त्याला तो विकत हवासा वाटला. परंतु सौदा जमला नाही. तेव्हा त्याने सुमारे निम्म्या उंचीचा पाळणा बनवावयास सांगितला, आणि तो येण्यापूर्वीच जागेवर पाटी लावली, की जगातील सर्वांत मोठा पाळणा येथे उभा राहणार आहे!

स्टीपलचेसमधला मुख्य खेळ यांत्रिक घोड्यांच्या शर्यतीचा होता. उतारावर लोखंडी रूळ टाकलेले, त्यांवर लाकडी घोडे, आणि एका घोड्यावर दोघांना बसण्याची मुभा. ज्या काळी तरुण-तरुणींनी चारचौघांत हात धरणेही शिष्टसंमत नव्हते, त्या काळी पडण्याच्या भीतीने एकमेकांना घट्ट धरून बसण्याची ही सबब टिल्यूने पंचवीस सेंटांच्या तिकिटात उपलब्ध करून दिली. १९०७ च्या जुलैमध्ये ही बाग जळाली. दुसऱ्याच दिवशी टिल्यूने फलक लावला: येथे याहून मोठी बाग उभी राहील, तूर्त जळते अवशेष पाहण्यास दहा सेंट. पडक्या जागेची ओढ विकता येते, हे ज्याने प्रथम ओळखले त्यांत या गृहस्थाची गणना करावी लागेल.

१९०३ च्या मे महिन्यात शेजारी 'लूना पार्क' उघडले. फ्रेडरिक थॉम्पसन आणि एल्मर डंडी हे त्याचे मालक. त्यांचा गाजलेला खेळ चंद्रावरच्या सफरीचा होता. पंखांच्या विमानात बसून पृथ्वी मागे पडल्याचा भास व्हावयाचा आणि चंद्रावर उतरावयाचे. रात्री अडीच लाख विजेचे दिवे लागत. ज्यांच्या घरी अद्याप रॉकेलचा दिवा होता अशा मजुरांनी ही रोषणाई पाहिली तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. १९०४ साली याच बागेत दिल्लीच्या रस्त्यांचा देखावा उभा राहिला. लॉर्ड कर्झनने १९०३ च्या जानेवारीत भरविलेल्या दिल्ली दरबाराची ती नक्कल होती. सजविलेले हत्ती आणि उंट मिरवणुकीने चालत. आपल्या पारतंत्र्याचा सोहळा असा सातासमुद्रापलीकडे तिकीट लावून दाखविला गेला.

त्याच १९०४ साली 'ड्रीमलँड' ही तिसरी बाग सुरू झाली. तिचा रंग पांढराशुभ्र, तिचा मनोरा पावणेचारशे फूट उंच, आणि तिचे दिवे दहा लाख. तेथील एका खेळात रोज एक इमारत पेटवीत. माणसे खिडक्यांतून ओरडत, बंबवाले येत आणि त्यांची सुटका करीत. लोक टाळ्या वाजवीत. १९११ च्या मे महिन्यात, नव्या हंगामाचे दार उघडावयाच्या आदल्या रात्री, 'नरकद्वार' नावाच्या खेळाची डागडुजी चालू असता दिवे गेले, उकळत्या डांबराचे भांडे कलंडले, आणि पहाटेपर्यंत सगळी बाग भस्मसात झाली. रोज खोटी आग विझविणाऱ्या बागेला खरी आग विझविता आली नाही. ड्रीमलँड पुन्हा उभे राहिले नाही. लूना पार्कही १९४४ च्या आगीनंतर सावरले नाही.

उरले स्टीपलचेस. ते टिल्यूच्या मुलांनी १९६४ च्या सप्टेंबरपर्यंत चालविले. पुढच्या वर्षी फ्रेड ट्रम्प या घरबांधणीच्या व्यावसायिकाने ती जागा घेतली. तेथे त्याला उंच इमारती बांधावयाच्या होत्या. १९६६ साली त्याने पाडकामाचा समारंभच केला. पाहुण्यांना बोलावले, खाऊपिऊ घातले आणि हातात विटा दिल्या. बागेच्या मंडपाच्या काचेवर सगळे दात दाखवून हसणारा एक चेहरा रंगविलेला होता. तो स्टीपलचेसचे बोधचिन्ह होता, आणि ब्रुकलिनच्या तीन पिढ्यांना तो ओळखीचा होता. पाहुण्यांनी विटा मारून तो फोडला. पुढे इमारतींना परवानगी मिळाली नाही आणि जागा कित्येक वर्षे मोकळी राहिली. २००१ पासून तेथे बेसबॉलचे क्रीडांगण आहे.

बाग अग्नीने जावी, तोट्याने जावी, कालमानाने जावी, हे मनुष्य सोसतो. परंतु ज्या चेहऱ्याकडे पाहून आपण हसलो, त्या चेहऱ्यावर कोणी मौजेने वीट मारावी, हे त्याला सोसत नाही. कोनी आयलंडच्या आठवणी सांगणारी माणसे यंत्राविषयी फारसे बोलत नाहीत. ती सांगतात, की बापाने खांद्यावर बसविले होते, बहीण घोड्यावरून उतरताना रडली होती, पाच सेंटांत भुयारी रेल्वेने सगळे घर समुद्रावर गेले होते. लाकडी घोडा हा त्या आठवणीचा खुंटा होता. खुंटा उपटला म्हणजे आठवण नाहीशी होत नाही, पण ती टांगावयाला जागा राहत नाही. म्हणून या ओढीला पोरकट म्हणणे मला मान्य नाही.

यात मालकांच्या बाजूनेही एक पेच आहे. वॉल्ट डिस्नेने १९५५ साली कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. दारातून आत शिरताच एका छोट्या गावाचा मुख्य रस्ता लागतो. मिसुरी राज्यातील मार्सलीन या गावी डिस्नेचे बालपणीचे काही दिवस गेले होते. त्या काळच्या अमेरिकन खेड्याची ती गोंडस प्रतिकृती आहे. म्हणजे बागेचा पायाच गतकालाच्या ओढीवर घातलेला. आणि तोच डिस्ने सांगत असे, की ही बाग कधीही पुरी होणार नाही, ती सतत बदलत राहील. एका हाताने जुन्याचे प्रेम शिकवावयाचे आणि दुसऱ्या हाताने जुने मोडावयाचे! याच बागेत १९५७ साली 'भविष्यकाळातील घर' उभारले होते, संपूर्ण प्लास्टिकचे. दहा वर्षांत ते भविष्य जुने झाले आणि घर पाडावयास घेतले. तेव्हा पाडकामाचा लोखंडी गोळा भिंतीवर आपटून परत उसळला, आणि घर तुकड्या-तुकड्यांनी कापून काढावे लागले. आज ज्यांना त्या घराची हळहळ वाटते, ते लोक एका न आलेल्या भविष्याची आठवण काढीत असतात.

मालकाचे वचन असते, की दरवेळी नवे दाखवीन. प्रेक्षकाची मागणी असते, की मी लहानपणी पाहिले तेच माझ्या मुलाला दाखव. या दोहोंचा मेळ कोणत्याही हिशेबात बसत नाही, आणि म्हणून जोवर बागा आहेत तोवर बंद पडलेल्या खेळांचा शोकही राहणार.

येथपर्यंत मी या शोकाची बाजू मांडली. आता दुसरी बाजू मांडली नाही, तर मी इतिहासाशी प्रतारणा केल्यासारखे होईल. आठवण मोठी निवडक असते. मॅक्झिम गॉर्कीने १९०६ साली कोनी आयलंड पाहिले, तेव्हा दुरून दिसणारी दिव्यांची नगरी त्याला अद्भुत वाटली. आत शिरल्यावर मात्र कंटाळलेले, दमलेले, फसविले गेलेले लोकच दिसले. त्याचे म्हणणे आपण पूर्ण मानू नये. पण ज्या काळाला आज आपण सोन्याचा म्हणतो, त्या काळी तेथेच उभ्या असलेल्या एका माणसाला तो पितळेचा वाटला, एवढे ध्यानात ठेवावे.

आणखीही काही ध्यानात ठेवावे. लूना पार्क उघडण्यापूर्वी चार महिने, १९०३ च्या जानेवारीत, त्याच जागेवर टॉप्सी नावाच्या हत्तिणीला जमावासमोर विजेचा धक्का देऊन मारण्यात आले, आणि त्याचे चित्रण करून ते दाखविण्यात आले. १९०५ साली फिलिपीन्स बेटांतील इगोरोत जमातीच्या लोकांना तेथे आणून त्यांचे प्रदर्शन मांडले. त्यांच्या समाजात कुत्र्याचे मांस प्रसंगविशेषी, विधीपुरते खात; ते प्रेक्षकांच्या मनोरंजनासाठी त्यांना रोज खावयास लावले. ड्रीमलँडमध्ये सुमारे तीनशे बुटक्या माणसांचे एक खोटे नगर वसविले होते, आणि त्यांनी तेथे राहावे व इतरांनी पैसे देऊन त्यांचे राहणे पाहावे अशी योजना होती. त्या बागांत लोक हसले, हे खरे. कोणाला हसले, हे आठवणीत सहसा येत नाही.

परंतु घाईने निवाडा करू नका. त्याच ड्रीमलँडमध्ये, त्याच तमाशांच्या रांगेत, अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा एक मंडप होता. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने काचेच्या ऊबपेट्यांत ही बालके ठेवली होती. प्रेक्षक पंचवीस सेंट देऊन ती पाहात, आणि त्या पैशांतून दाया, दूध व औषधे यांचा खर्च भागे. आईबापांकडून तो काही घेत नसे. कूनी रीतसर वैद्य होता की नाही याविषयीच आज शंका आहे. तथापि ज्या काळी बहुतेक इस्पितळे अशा बालकांची आशा सोडून देत, त्या काळी जत्रेतल्या या मंडपाने हजारो जीव वाचविले. १९११ च्या आगीतून ती सर्व बालके सुखरूप बाहेर काढण्यात आली. १९४३ साली, न्यूयॉर्कच्या इस्पितळात अशा बालकांसाठी स्वतंत्र कक्ष निघाल्यावर, कूनीने आपला मंडप बंद केला. बंद पडलेल्या खेळांत मला हा सर्वांत थोर वाटतो, कारण बंद पडणे हीच त्याची सफलता होती. त्याची हळहळ कोणी करू नये. त्याचे स्मरण मात्र सर्वांनी ठेवावे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याशी येतो. आपण 'बंद पडलेली बाग' म्हणतो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो, की ती पूर्वी उघडी होती. कोणासाठी उघडी होती? मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात अन्यायाची मोठी यादी आहे. त्या यादीत एक लहानशी गोष्ट येते. अटलांटा येथील 'फनटाउन' नावाच्या करमणुकीच्या बागेची जाहिरात त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीने दूरचित्रवाणीवर पाहिली, आणि आपल्याला तेथे का नेत नाही असे ती विचारू लागली. काळ्या मुलांना ती बाग बंद आहे, हे तिला सांगताना आपली जीभ कशी अडखळते आणि तिच्या डोळ्यांत पाणी कसे येते, हे किंग यांनी लिहिले आहे. मारहाण, बाँब, तुरुंग यांच्या शेजारी त्यांनी हे दुःख बसविले, कारण ते तितकेच खरे होते.

ज्या समाजाने १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याकडे गेलेली पावले पाहिली आहेत, त्याला हे फोड करून सांगण्याची गरज नाही. तळ्यात पाणी होते, आणि माणसांना ते बंद होते. बागेत पाळणा फिरत होता, आणि एका मुलीला तो बंद होता. पुढे फनटाउनचे दार सर्वांना उघडले आणि किंग आपल्या मुलीला घेऊन तेथे गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण अशाच हजारो मुलांना ते दार उघडेपर्यंत बालपण उरले नव्हते. त्या मुलांना जुन्या बागेची आठवण कशी येणार? त्यांच्याजवळ कुंपणाबाहेरून ऐकू येणारे संगीत तेवढे आहे. त्यांचीही आठवण ही त्या बागेचीच आठवण आहे, आणि तिच्यावाचून बागेचा इतिहास अर्धा राहतो.

एवढे पाहिल्यावर आपण त्या पाण्याच्या बरणीकडे परत जाऊ. स्प्लॅश माउंटनचा खेळ १९४६ सालच्या 'साँग ऑफ द साउथ' या चित्रपटावर बेतलेला होता. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांवरचे काळ्या लोकांचे जीवन त्यात असे गोड रंगविले आहे, की त्या मळ्यांमागच्या गुलामगिरीचा मागमूस राहू नये. कंपनीनेही हा चित्रपट पुष्कळ वर्षे पडद्याआड ठेवला आहे. २०२० साली खेळ बदलण्याचे ठरले. फ्लॉरिडानंतर २०२३ च्या मे अखेरीस कॅलिफोर्नियातलाही बंद झाला, आणि २०२४ साली त्याच ओढ्यांवर टियाना या काळ्या राजकन्येच्या कथेचा खेळ सुरू झाला. बंद करा म्हणणाऱ्यांनी सह्या गोळा केल्या, बंद करू नका म्हणणाऱ्यांनीही केल्या. एक पक्ष दुसऱ्याला वंशद्वेष्टा म्हणाला, दुसरा पहिल्याला आनंदाचा वैरी म्हणाला.

माझे मत विचाराल तर खेळ बदलला हे योग्य झाले. पण बरणी भरून पाणी नेणाऱ्या बाईला मी गुन्हेगार मानणार नाही. बहुतेकांनी तो चित्रपट पाहिलेलाही नव्हता. त्यांनी पाहिला होता तो आपल्या मुलाचा भिजलेला, घाबरलेला आणि मग हसू लागलेला चेहरा. त्या आठवणीवर त्यांचा पूर्ण हक्क आहे. मात्र आठवण माझी आहे, म्हणून ती वस्तूही निर्दोष होती, असे म्हणण्याचा हक्क त्यांना नाही. आपल्या आजीवर आपले प्रेम असते. तिच्या सोवळ्याओवळ्याचे समर्थन त्यासाठी करावे लागत नाही. आणि ते समर्थन करीत नाही, म्हणून प्रेम कमी झाले असेही कोणी म्हणत नाही.

हे परदेशातले प्रश्न आहेत असे समजू नका. दिल्लीत १९८४ साली 'अप्पू घर' उघडले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बोधचिन्हावरील हत्तीच्या पिलाचे नाव त्याला दिले होते. २००८ साली ते बंद झाले आणि जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्ताराकडे गेली. आपल्याकडील जत्रांचे पाळणे आणि तंबूतले सिनेमे यांचीही दारे एकेक करून मिटत आहेत. त्यांच्याविषयी आपण लिहू, बोलू. तेव्हा आत कोण होते याबरोबर बाहेर कोण उभे होते, हेही विचारावे. तिकीट कितीचे होते, पाळणा कोण फिरवी, रात्री तो कोठे झोपे, हेही टिपून ठेवावे. कोनी आयलंडवर २००४ पासून एक संस्था अशा आठवणी लोकांच्या तोंडून ऐकून ध्वनिमुद्रित करीत आहे. दगडमातीच्या स्मारकापेक्षा हे काम मला अधिक मोलाचे वाटते.

स्मारकही तेथे एक आहे. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात हवाई छत्रीने उतरण्याचा अडीचशे फूट उंच लोखंडी मनोरा होता. १९४१ साली तो स्टीपलचेसमध्ये आणून उभा केला. बाकी सारी बाग नाहीशी झाली. तो पाडण्याचाही खर्च परवडेना म्हणून राहिला, आणि १९८९ साली शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. आज रात्री त्याच्यावर दिवे लागतात आणि ते दुरून दिसतात. त्याच्यावरून आता कोणी उडी घेत नाही. खाली उभे राहून एखादा म्हातारा आपल्या नातवाला सांगत असेल, की मी येथून खाली आलो होतो. नातवाने त्याला आणखी एक प्रश्न विचारावा, की आजोबा, तेव्हा रांगेत तुमच्याबरोबर कोण कोण उभे होते, आणि कोणाला उभे राहू देत नव्हते? आजोबांनी खरे उत्तर दिले, तर त्या मनोऱ्याचे जतन सार्थकी लागले असे मी म्हणेन.